कांद्याचा ऑक्टोबरातला भाव मे महिन्यातच ठरतो
ग्राहक व्यवहार विभाग (भारत सरकार) आणि पणन विभाग (महाराष्ट्र शासन) यांना खुले पत्र

महोदय,

हे पत्र मुद्दाम मार्चअखेरीला लिहीत आहोत. उन्हाळ कांद्याच्या माना पडू लागल्यात, म्हणजे पात आडवी होऊन कांदा तयार होतोय; काढणीच्या टोळ्या ठरल्यात, चाळी (कांदा साठवायचे हवेशीर आडोसे) झाडून ठेवल्यात. शहरात सध्या कांद्याचं नाव कुणी काढत नाही. ते निघेल सप्टेंबरच्या शेवटी. मग टीव्हीवर गृहिणींची मतं येतील, दिल्लीहून रात्री उशिरा अधिसूचना निघेल, आणि दुसऱ्या दिवशी मुंबई-आग्रा महामार्गावर चांदवडला ट्रॅक्टर आडवे लागतील. त्या वेळी सगळेच ओरडत असतात, कोणाचं कोण ऐकणार? म्हणून आत्ता.

आमचं म्हणणं एकच आहे. कांदा महागला की तुम्ही ऑगस्ट ते डिसेंबर या काळात जे काही करता, ते करायची वेळ एप्रिल-मे ही असते. नंतरच्या उपायांनी शहराला फारसं मिळत नाही आणि गाव मात्र पेटतं.

देशातल्या कांद्यापैकी साधारण दोन तृतीयांश माल रब्बीचा, म्हणजेच उन्हाळ. तो मार्च ते मे या तीन महिन्यांत निघतो, आणि खरिपाचा लाल कांदा बाजारात नीट येईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, देश त्याच्यावरच जेवतो. मध्ये कर्नाटकातला, कर्नूलचा आणि पुढे अलवरचा माल थोडा हात देतो, तोही तिकडे पाऊस धड पडला तर. जूननंतर शेतात उन्हाळ कांदा नसतो, जो आहे तो चाळीत. ऑगस्टमध्ये तुम्ही काहीही ठरवलंत तरी त्या चाळीत एक कांदा वाढत नाही. वाढते ती सड.

चाळीत काय होतं ते थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण ‘साठेबाजी’ हा शब्द वापरणाऱ्यांनी बहुतेक वेळा चाळ आतून पाहिलेली नसते. कांदा म्हणजे गहू नव्हे. तो काढल्यानंतरही जिवंत असतो, श्वास घेतो, पाणी सोडतो. त्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. मे महिन्याच्या उन्हात त्याचं वजन घटतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत काळी बुरशी धरते आणि मानेकडून सड आत उतरते. ऑक्टोबरात हवा गार झाली की कोंब येतात. साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत ३० ते ४० टक्के माल असा जातो.

हे नुकसान बरंच कमी करता येतं आणि ते कसं करायचं हेही इथे सगळ्यांना ठाऊक आहे. लागवडीनंतर साठ दिवसांच्या पुढे नत्र द्यायचं नाही. काढणीआधी दहा ते पंधरा दिवस पाणी तोडायचं. निम्म्या माना पडल्या की उपटायचा. पातीसकट तीन दिवस शेतात सुकू द्यायचा, एका ओळीचा कांदा दुसऱ्या ओळीच्या पातीखाली झाकला जाईल असा लावून. मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची. मान त्याहून आखूड झाली तर बुरशीला दार उघडंच. त्यानंतर दहा-बारा दिवस सावलीत. जोड कांदे, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) आणि चिंगळी (अगदी बारीक) निवडून बाजूला. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, खालून हवा खेळती, कप्प्याची रुंदी चार फूट आणि कांद्याचा थर चार ते पाच फूट, त्यापेक्षा जास्त नाही. एक पाखी (कप्प्यांची एकच रांग असलेली) चाळ उत्तर-दक्षिण, दोन पाखी (दोन रांगांची) चाळ पूर्व-पश्चिम. वर पत्रा असेल तर त्यावर उसाचं पाचट, नाहीतर मेमध्ये आत भट्टी होते.

मग चुकतं कुठे? ज्ञान कमी पडतं म्हणून चुकतं असं नाही. एप्रिलमध्ये अवकाळी येतो, गारा पडतात, मजूर एकाच आठवड्यात सगळ्यांना हवे असतात. कांदा पुरता सुकण्याआधी, मान ओली असतानाच भरला जातो. पण सगळ्यात मोठं कारण भाव. मे महिन्यात भाव पडला की विकायचा कांदाही चाळीत जातो. साठवायच्या लायकीचा नसलेला, पाणी जास्त प्यायलेला, जाड मानेचा मालसुद्धा ‘बघू पुढे’ म्हणून भरतात. जिथे थर पाच फुटांचा हवा तिथे सात फुटांचा होतो. वरचा भार खालच्या थरावर, मधल्या थरात हवा नाही. जुलैत चाळीजवळून जाताना वास आला की समजायचं, ऑक्टोबरात शहरात कांदा महाग होणार. हा वास मंत्रालयापर्यंत पोचत नाही एवढंच.

म्हणजे मेमधला पडलेला भाव हाच ऑक्टोबरातल्या टंचाईचा बाप. शिवाय मेमध्ये हात पोळलेला माणूस खरिपाच्या रोपासाठी महागडं बियाणं टाकताना दहा वेळा विचार करतो. जूनमध्ये रोप कमी पडलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाल कांदा कमी निघतो. ही टंचाई चाळीतल्या टंचाईला येऊन मिळते.

आता साठवणाऱ्याचा हिशोब. समजा मेमध्ये १०० क्विंटल कांदा भरला आणि त्या दिवशी लिलावाचा भाव क्विंटलला १,५०० रुपये होता. माल दीड लाखाचा. ऑक्टोबरअखेर निवडून ६२ क्विंटल विकण्याजोगा राहिला. फक्त तेवढेच दीड लाख परत यायला क्विंटलला २,४२० रुपये भाव हवा. त्यात चाळीचा खर्च नाही, निवडणीची मजुरी नाही, सोसायटीच्या कर्जाचं व्याज नाही. म्हणजे बाजार समितीत २४-२५ रुपये किलोचा कांदा बघून ‘शेतकरी कमावतोय’ असं जे म्हटलं जातं, तो शेतकरी त्या दिवशी मे महिन्याच्याच जागी उभा असतो.

याच्या शेजारी तुमचे आदेश ठेवून पाहू. २९ सप्टेंबर २०१९ रोजी निर्यातबंदी, सोबत घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल आणि किरकोळ विक्रेत्याला १०० क्विंटल साठ्याची मर्यादा. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंदी, ती १ जानेवारी २०२१ ला उठली. १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यात शुल्क. २८ ऑक्टोबरला टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून स्वस्त माल बाहेर पाठवायचा नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण बंदी, ३१ मार्चपर्यंत म्हणून. मार्चमध्ये ती पुढे वाढवली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क राहिलं. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. निफाड तालुक्यात शाळेतल्या पोरांनाही या तारखा विचारा, सनावळ्यांपेक्षा बऱ्या सांगतील.

यातलं २०२३ हे एकच वर्ष नीट पाहण्यासारखं आहे. फेब्रुवारीत रांगडा (खरीप आणि रब्बीच्या मधला) कांदा उष्णतेमुळे एकदम काढणीला आला, भाव इतका पडला की लासलगावला शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडला, मार्चमध्ये दिंडोरीहून मुंबईच्या दिशेने मोर्चा निघाला आणि राज्य सरकारला क्विंटलला ३५० रुपये अनुदान, २०० क्विंटलच्या मर्यादेत, जाहीर करावं लागलं. (सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी ही अट होती. ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची मोबाइलवरची नोंद, राहून गेली त्यांचा कांदा सरकारी कागदावर पिकलाच नाही.) त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे सहा महिन्यांत, त्याच पिकावर ४० टक्के शुल्क बसलं, कारण आता भाव वाढत होता. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये माणसं तीच होती. रस्त्यावर येणाऱ्याचा राग पाच-दहा रुपयांचा असतो असं समजू नका. पडतं तेव्हा बाजार म्हणून सोडून द्यायचं आणि चढतं तेव्हा कायदा काढायचा, याचा तो राग आहे.

निर्यातीच्या बाबतीत सगळ्यात वाईट गोष्ट बंदी ही नाही, तिचा अचानकपणा आहे. माल खळ्यावर (निवडून गोण्या भरायच्या आवारात) भरला गेलेला असतो, काही ट्रक घोजाडांगा-पेट्रापोलला बांगलादेशच्या सीमेवर, काही कंटेनर न्हावा शेवा बंदरात. आदेशाच्या रात्री तो सगळा कांदा जागच्या जागी उभा राहतो, आणि उभा राहिलेला कांदा गरम होतो. २०१९च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत म्हणाल्या होत्या की स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय, थोडी आगाऊ सूचना मिळाली असती तर बरं झालं असतं. हसण्यावारी गेलं ते. पण मागणी तीच आहे जी येवल्याचा शेतकरी करतो: आधी सांगा. आगाऊ सूचनेविना चार वेळा माल अडकला की गिऱ्हाईक पाकिस्तानकडे वळतं, आणि बंदी उठल्यावर लगेच परतत नाही.

डिसेंबर २०२३ च्या बंदीची वेळ तर अशी निवडली गेली होती की त्याहून वाईट वेळ सापडणं अवघड. लाल कांद्याची आवक तेव्हा भरात असते. उन्हाळ कांदा रागावून चाळीत ठेवता येतो. लाल कांदा नाही ठेवता येत. तो तीन-चार आठवड्यांच्या वर टिकत नाही, काढला की विकायचा. भाव दोन आठवड्यांत जवळपास निम्म्यावर आले आणि हातात थांबण्याचा पर्यायच नव्हता. चांदवडचा रास्ता रोको त्यातून झाला.

लिलाव बंद ठेवण्याबद्दल दोन शब्द आमच्या बाजूच्यांनाही, कारण ही वाईट सवय सर्वांना लागली आहे. शुल्काच्या निषेधात नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी २० सप्टेंबर २०२३ पासून जवळपास दोन आठवडे लिलावात भाग घेतला नाही. एप्रिल २०२४ मध्ये हमाली, तोलाई, वाराई या मजुरीची कपात शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून करायची की नाही या वादात पुन्हा लिलाव थांबले. बंद जाहीर होतो तेव्हा शेकडो शेतकऱ्यांनी कांदा चाळीतून काढून, निवडून, ट्रॉलीत भरलेला असतो. तो परत चाळीत टाकता येत नाही. हाताळताना पत्ती (वरचं सुकं साल) सुटते, उघडा पडलेला कांदा आठ दिवसांत काळा पडतो. आणि लिलाव सुरू होतात त्या दिवशी आवक दुप्पट होऊन भाव कोसळतो. बंद कुणाच्याही विरुद्ध असो, किंमत शेतकरी मोजतो. तेव्हा बाजार समित्यांवर देखरेख करणाऱ्या जिल्हा उपनिबंधकांनी एवढं तरी करावं की बंदची सूचना किमान चार दिवस आधी फलकावर आणि मोबाइलवर आल्याशिवाय कोणालाही लिलाव थांबवू देऊ नये, आणि आवारात आधीच आलेल्या गाड्या त्या दिवशी तोलून मोकळ्या कराव्यात. बंदोबस्तावरच्या पोलिसांनाही हे सांगा: ट्रॉली अडवून रांगेत उन्हात ठेवली की आतला माणूस नाही, कांदा भडकतो, मग माणूसही भडकतो.

शहराचं दुःख खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो कांदा धरला तर ३० चा ६० झाल्यावर दीडशे रुपये जास्त लागतात. ज्या घरात तेल, डाळ आणि गॅस आधीच महागलेत तिथे हे दीडशे शेवटची काडी ठरतात. पोहेवाल्याला आणि खानावळवालीला तर दिवसाला पाच-दहा किलो लागतो; ती भज्यात कोबी घालते आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खाते. २०१२ पायावर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा वाटा १०० पैकी ०.६४ होता. आकडा लहान आहे, पण रोज हातात घेऊन सोलायची वस्तू आहे ती. १९९८ मध्ये कांदा महागला आणि निवडणुकीत दिल्लीचं राज्य सरकार गेलं तेव्हा हे सगळ्या पक्षांना कळलं, आणि तेव्हापासून कांद्याचं धोरण कृषी भवनापेक्षा निवडणुकीच्या तारखांकडे बघून ठरतं असा आमचा समज आहे. तो चुकीचा ठरवलात तर आनंदच होईल.

पण शहरात भाव वाढतो त्यातलं सगळं लासलगावहून येत नाही. पन्नास किलोच्या गोणीत चार किलो खराब निघाला तर उरलेला ४६ किलो विकून पैसे काढायचे, म्हणजे किलोमागे जवळपास नऊ टक्के तिथेच चढले. पावसाळ्याअखेरच्या जुन्या कांद्यात चारचे आठ किलो होतात. बारदान, भराई, भाडं, आडत, उतराई, फेरीवाल्याचा रोज हे वेगळंच. आणि टीव्हीवर शंभरी दाखवली की लोक दहा-दहा किलो नवा ओला लाल कांदा घेऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात, अर्धा सडतो, पुन्हा बाजारात येतात. घाबरून केलेली ही खरेदी थांबवण्यासाठी ‘साठा मुबलक आहे’ असं पत्रक पुरत नाही. कांदा गाडीवर दिसावा लागतो.

तो दिसण्यासाठी तुमच्याकडे राखीव साठा आहे. किंमत स्थिरीकरण निधीतून नाफेड आणि एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी संस्था सरकारसाठी कांदा घेतात. २०२३ मध्ये ३ लाख टनांचं उद्दिष्ट ५ लाखांवर नेलं, २०२५ मध्ये ते पुन्हा ३ लाख होतं. देशाच्या मानाने ही आठवड्या-दीड आठवड्याची भूक. म्हणजे त्याचा उपयोग प्रमाणापेक्षा वेळेवर अवलंबून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्काचा भडका शांत करायला २,४१० रुपये क्विंटलने आणखी २ लाख टन घ्यायचं जाहीर झालं. पण ऑगस्टमध्ये घेतलेला कांदा म्हणजे शेतकऱ्याच्या चाळीतून उचलून दुसऱ्या चाळीत टाकलेला कांदा. तोपर्यंत त्याची पत्ती सुटलेली, आत सड लागलेली. हाच कांदा १५ एप्रिल ते ३१ मे या काळात घेतला तर तीन कामं एका पैशात होतात: पडता भाव सावरतो, चाळीचे थर पाच फुटांत राहतात, आणि सरकारकडे टिकणारा माल जातो.

खरेदी कुठे करायची हाही मुद्दा आहे. सध्या ती शेतकरी उत्पादक कंपन्या आणि संघांच्या खळ्यांवर होते, बाजार समितीच्या लिलावात नाही. खळ्यावरचा माल कुणाचा, कधीचा, कोणत्या भावाने आला हे बाहेरून कळत नाही, म्हणून दरवर्षी संशय आणि चौकशी. आमची मागणी सोपी आहे. एजन्सीच्या माणसाने लिलावाच्या रांगेत व्यापाऱ्यांसोबत उभं राहावं, बोली लावावी, समितीच्या वजनकाट्यावर तोल व्हावा, हिशोबपट्टी निघावी आणि पैसे खात्यात. सगळा कांदा घ्यायची गरज नाही. रोजच्या आवकेच्या दहाव्या हिश्श्यावर एक जादा बोली लागली तरी लिलावाचा तळ बदलतो, हे तोलाईवर काम करणारा कोणीही सांगेल.

दुसरी मागणी मोजणीची. तुमचे अंदाज पेरणीच्या हेक्टरवरून निघतात. ऑक्टोबरात किती कांदा असेल हे हेक्टर सांगत नाही, चाळ सांगते. त्यासाठी उपग्रह नको. प्रत्येक महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) दहा चाळी निवडा. भरतानाच प्रत्येक चाळीत २० किलोच्या जाळीच्या तीन पिशव्या ठेवा, एक तळाशी, एक मधल्या थरात, एक वर. ओळख पटावी म्हणून दोरी बाहेर काढून. एका चाळीत असे पाच संच. दर महिन्याच्या पंधरा तारखेला एक संच ओढून काढा, तोला, खराब वेगळा करून पुन्हा तोला. काढलेला संच परत आत घालायचा नाही, कारण हाताळलेला कांदा खोटं बोलतो. जून ते ऑक्टोबर असे पाच आकडे मिळतील. कृषी सहायकाचं हे एका दिवसाचं काम आहे. जुलैचा आकडा १५ टक्क्यांच्या वर गेला तर ऑक्टोबर कठीण जाणार हे तुम्हाला अडीच महिने आधी कळेल, आणि साठा ऑगस्टच्या मध्यापासून थोडा थोडा सोडता येईल. दिवाळीच्या तोंडावर रेल्वे भरून पाठवण्याची धावपळ करावी लागणार नाही. २० ऑक्टोबर २०२४ ला नाशिकहून १,६०० टन घेऊन ‘कांदा एक्स्प्रेस’ दिल्लीत पोचली; कल्पना चांगलीच आहे, फक्त अशा गाड्या सप्टेंबरपासून दर आठवड्याला हव्यात, आणि जळगाव, नांदेड, चंद्रपूरच्या गिऱ्हाइकालाही त्यातला कांदा मिळायला हवा.

निर्यातीबाबत, शुल्क लावायचंच असेल तर तीस दिवस आधी सांगा आणि करार झालेला, बिल तयार झालेला माल जाऊ द्या. डिसेंबर ते फेब्रुवारी या लाल कांद्याच्या काळात काहीही लावू नका.

चाळीचं अनुदान नव्या बांधकामाला मिळतं. जुन्या चाळीचा तळ उचलायला, पत्र्यावर छप्पर घालायला, मधली भिंत काढून हवा खेळवायला काही मिळत नाही, आणि जिल्ह्यातल्या बहुतेक चाळी जुन्याच आहेत. लासलगावला २००२ पासून किरणोत्सारी प्रक्रियेचं केंद्र आहे; ६० ते ९० ग्रे (किरणोत्साराचं माप) मात्रेने कोंब थांबतात हे खरं. पण त्याने सड थांबत नाही, घटही थांबत नाही, आणि काढणीनंतर काही आठवड्यांतच ती प्रक्रिया करावी लागते. ‘आता किरणोत्साराने प्रश्न सुटेल’ असं दर दोन वर्षांनी जाहीर होतं म्हणून हे लिहावं लागलं. मोठ्या घोषणेच्या पैशात हजारो चाळींचे तळ उचलले जातील.

जाळीच्या पिशव्या आणि काटा आमच्याकडे आहेत. भरणी १५ एप्रिलपासून सुरू होतेय आणि साधारण २० मेपर्यंत चालेल. त्या काळात आपला माणूस पाठवा. पिशव्यांना सील त्याच्या हातचं लागू द्या, म्हणजे जुलैत आकड्यावरून वाद नको. येताना उन्हाची टोपी आणि पाण्याची बाटली आणायला सांगा, चाळीत दुपारी उभं राहवत नाही.

आपले,
कांदा पिकवणारे, चाळीत भरणारे आणि बाजारात तोलणारे
निफाड, चांदवड, येवला, सटाणा, कळवण (जि. नाशिक)